पांढऱ्या मातीचं मैदान

आमच्या घरात संध्याकाळचं जेवण दमावर मिळायचं. मोठी आई चुलीसमोर भाकरी थापत असायची, माझी आई ताटं मांडायची आणि मोठे बाबा, म्हणजे माझे थोरले चुलते, पाटावर बसून म्हणायचे, "हं, धरा दम." मग आम्ही घरातली पोरं भिंतीला पाठ लावून एका श्वासात 'कबड्डी, कबड्डी' सुरू करायचो. ज्याचा दम सगळ्यात आधी तुटेल त्यानं बाकीच्यांचं जेवण होईपर्यंत वाढायचं, पाणी द्यायचं आणि मागून उरेल ते खायचं. माझा चुलतभाऊ मनोहर, मोठ्या बाबांचा सख्खा मुलगा, लहानपणापासून दम्याचा. त्यामुळे रोज तोच हरायचा. एकदा मोठी आई चुलीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "त्याले धाप लागते, त्याले कावून उभं करता?" मोठे बाबा म्हणाले, "धाप गिप काही नाही. आळस हाय तो." मनोहर आमच्या ताटांत वरण वाढत राहिला. त्याची छाती वाजत होती. मला त्याची कीव यायची असं लिहिलं तर आज बरं दिसेल. पण खरं लिहायला बसलोय तर तेही लिहितो. मला बरं वाटायचं. तो होता तोवर मी हरणार नव्हतो.

घर अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अंगाला. पलीकडे कापसाचं जिनिंग होतं. हंगामात त्याचा भोंगा झाला की आई दूध झाकायची, कारण सरकी निघताना उडालेल्या रुईचे तंतू सगळ्या घरात शिरायचे. दुधाच्या सायीवर, तुळशीवर, आमच्या पापण्यांवर. अंगणात दोरीवर कायम कबड्डी मंडळाच्या पोरांच्या चड्ड्या आणि बनियन वाळत असायचे. ते धुवायचे मोठ्या आईनं. तुरीचं वरण, जवसाची चटणी, आंबाडीची भाजी, या सगळ्या वासांवर आमच्या घरात हळद-चुन्याचा वास चढलेला असायचा, कारण कोणाचा तरी गुडघा, कोणाचा तरी खांदा रोज सुजलेला असे आणि लेपाचं भांडं चुलीच्या कडेवरून कधी खाली उतरत नसे. माझे वडील मूर्तिजापूरला रेल्वेत. ते शनिवारी यायचे, सोमवारी जायचे आणि मधल्या वेळात थोरल्या भावापुढे मान खाली घालून बसायचे. म्हणून मला वाढवलं ते मोठ्या बाबांनीच.

कबड्डीचं मंडळ मोठ्या बाबांचं होतं. त्याचं नाव इथे लिहीत नाही. अकोल्यात ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. ते स्वतः कधीकाळी चांगले खेळले होते म्हणत, पण आम्ही पाहिले ते निंबाची शिमटी हातात घेऊन मैदानाच्या कडेनं फिरणारे मोठे बाबा. पकड सुटली की पोटरीवर शिमटी. चढाईत मागे वळून पाहिलं की शिमटी. खेळ संपेपर्यंत पाणी नाही. एक पोरगा उन्हाळ्यात भोवळ येऊन पडला, तर त्यांनी बाकीच्यांना त्याच्या अंगावरून उड्या मारत सराव चालू ठेवायला सांगितलं. तो पोरगा पुढे चांगला खेळाडू झाला आणि सगळ्यांना सांगत फिरायचा की मोठ्या बाबांनी मला घडवलं. आम्ही सगळेच तसं सांगत फिरलो. मीही माझ्या मुलाला हेच सांगितलं. माझ्या नातवाला मात्र सांगितलं नाही.

आता मैदानाविषयी. मंडळाच्या फाटकापाशी संगमरवरी पाटी आहे आणि तिच्यावर लिहिलंय की हे मैदान मोठ्या बाबांनी स्वकष्टानं उभारलं. हे खोटं आहे.

जिनिंगच्या मागे नदीकडे एक पडीक तुकडा होता. जागा जिनिंगच्या शेठची, पण तिथे बॉयलरची राख टाकण्यापलीकडे तिचा उपयोग नव्हता. खाली काळी माती. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात पाय धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर कबड्डी खेळणं म्हणजे घोटा मोडून घेणं. जिनिंगमध्ये काम करणाऱ्या बौद्ध वस्तीतल्या माणसांनी तो तुकडा साफ केला. त्यांच्यात दौलतबाबा म्हणून एक उंच, कमी बोलणारे गृहस्थ होते. ते गठाणी बांधायच्या प्रेसवर होते. एका पावसाळ्यात नदीला पूर आला आणि वस्तीची खालची ओळ पडली. घरं पांढऱ्या मातीची होती. माणसं वर सरकून नव्यानं घरं बांधू लागली, पण पडलेल्या भिंतींची माती तशीच ढिगांनी पडून होती. दौलतबाबांनी आणि वस्तीतल्या पोरांनी पाळी सुटल्यावर ती माती टोपल्यांनी वाहिली, बायकांनी चाळण्यांनी चाळली, खडे आणि कौलांचे तुकडे वेचले, शेणखत मिसळलं, पाणी मारलं आणि अनवाणी पायांनी तुडवून बसवली. असं ते मैदान झालं. त्यांच्या घरांच्या भिंतींचं.

आम्ही नंतर आलो. आमचं मंडळ शाळेच्या पटांगणात खेळायचं, तिथे शाळेनं मनाई केली. मोठे बाबा दौलतबाबांना भेटायला गेले तेव्हा मी सोबत होतो. मोठे बाबा खाटेवर बसले, दिलेलं पाणी घेतलं पण प्याले नाहीत. तांब्या तसाच खाली ठेवला. दौलतबाबांनी ते पाहिलं आणि तरी म्हणाले, "खेळा ना. सकाळी आमी, संध्याकाळी तुमी. माती काही खपत नाही." त्यांनी एकच अट घातली. त्या मैदानावर पंच नसायचा. वाद झाला की ज्याच्यावर आरोप असेल त्यानं चिमूटभर माती जिभेवर ठेवायची आणि काय झालं ते सांगायचं. तो म्हणेल ते खरं. त्याच्यावर पुन्हा कोणी काही विचारायचं नाही. "आमच्या घरची माती हाय ते," दौलतबाबा म्हणाले. वाटेत मोठे बाबा मला म्हणाले, "खाशीन ना बे माती?" आणि बराच वेळ हसत राहिले.

दौलतबाबांचा मुलगा शालिक माझ्या बरोबरीचा. सडपातळ, लांब हातांचा, आणि चढाईला आला की त्याचा आवाज बदलायचा. आम्ही दम घ्यायचो तो ओरडून, तो घ्यायचा तो गुणगुणल्यासारखा, संपेल असं वाटूच नये. त्याला धरणं कठीण आणि धरून ठेवणं त्याहून कठीण. रविवारी दोन्ही मंडळांचे सामने व्हायचे आणि बहुतेक ते जिंकायचे. एकदा शालिक चढाईला आला असताना त्याच्या बोटांची टोकं माझ्या खांद्याला लागली. कोणी पाहिलं नाही. शालिक म्हणाला हात लागला, आमची पोरं म्हणाली नाही लागला. मी वाकलो, माती जिभेवर ठेवली. ती खारट आणि थोडी कडवट लागली. मी म्हणालो, "लागला."

त्या संध्याकाळी घरी दम झाला नाही. मोठ्या बाबांनी मला अंगणात उभं केलं आणि निंबाच्या शिमटीनं मारलं. मारताना ते रागावलेले नव्हते, हे मला अजून आठवतं. सुतार रंधा मारतो तसं चाललं होतं. आई दारात उभी होती, आत गेली. मार संपल्यावर मोठ्या बाबांनी मनोहरला आधी जेवायला बसवलं आणि मला वाढायला लावलं. मनोहर माझ्याकडे वर बघून म्हणाला, "अजून वरण." त्याला हवं नव्हतं. पहिलं ताटात तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी शालिकनं माझ्या पोटऱ्या पाहिल्या. त्यानं खिशातून भाजलेल्या शेंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाला, "तू येडा हायेस लेका. पण मानसात हायेस." मला त्या शेंगा गोड लागल्या नाहीत. मला वाटलं, याच्यामुळे मी मार खाल्ला आणि हा मला शेंगा देतो.

मग शेठनं निरोप पाठवला. जागेचे कागद होणार होते, नगरपालिकेत एका मंडळाचं नाव जाणार होतं, दोघांचं चालणार नव्हतं. तुमचं तुम्ही ठरवा. मोठे बाबा दौलतबाबांकडे गेले आणि म्हणाले, सामना खेळू, जिंकेल त्याचं मैदान. दौलतबाबा म्हणाले, "मैदान आमी बनवलं. त्याच्यात खेळून काय ठरवाचं?"

"भेता का?" मोठे बाबा म्हणाले.

दौलतबाबांच्या मागे शालिक आणि वस्तीतली पोरं उभी होती. शालिक म्हणाला, "बाबा, खेळू द्या. ह्याईले कोण भेते?" आणि सगळी पोरं हसली. त्यांचा खेळावर विश्वास होता. आज वाटतं, दौलतबाबांनी त्या दिवशी पोराच्या थोबाडीत मारायला हवी होती.

सामन्याला अर्धं जुनं शहर आणि सगळी वस्ती आली होती. आमच्या बाजूला खुर्च्या होत्या, त्यांच्या बाजूला बायका-पोरं जमिनीवर. शिटी मारायला शाळेचे ड्रिल मास्तर आणले होते, पण वाद झाला तर मातीचीच रीत, हे दोन्हीकडून ठरलं होतं. सगळा खेळ सांगण्यात अर्थ नाही. शेवटी आम्ही एका गुणानं पुढे होतो, आणि शालिक चढाईला आला. आम्ही तिघंच मैदानात उरलो होतो. त्यानं एकाला पायानं टिपलं आणि वळला, तेव्हा दुसऱ्यानं त्याचा घोटा धरला आणि मी समोरून त्याच्या कमरेवर झेपावलो. तो पडला. दोघंही त्याच्या अंगावर. तो तसाच सरपटत मध्यरेषेकडे निघाला, आम्हा दोघांना ओढत, आणि त्याचा दम चालूच होता. ते गुणगुणणं माझ्या कानाशी होतं. त्याचा हात रेषेपासून वीतभर लांब. रेषेला हात लागला असता तर आम्ही तिघंही बाद, सामना त्यांचा, मैदान त्यांचं.

मोठे बाबा कडेला उभे होते. लोकांनी पुढे मला विचारलं असतं तर मी म्हणालो असतो की त्यांच्या भीतीनं केलं. भीती होती. पण मूठ भरली तेव्हा मला भीती आठवली नाही, शेंगा आठवल्या. मी उजव्या मुठीत माती घेतली आणि आमच्या अंगांच्या खाली, जिथे मास्तरांना दिसणार नाही तिथे, ती शालिकच्या तोंडात कोंबली आणि तळहात दाबून धरला. त्यानं चावलं. माझ्या करंगळीखालच्या मांसात दात रुतले. मी हात काढला नाही, उलट आणखी दाबला. त्याच्या नाकातून आवाज आला, मग तोही थांबला. त्याचं अंग माझ्याखाली मोकळं पडलं. तेव्हा मी हात काढला. मास्तरांनी शिटी मारली. दम तुटला.

चढाई करणाऱ्याचं तोंड दाबणं हा कबड्डीत गुन्हा आहे, पोरासोरांनाही ठाऊक असलेला. शालिक उठून बसला, थुंकला, पुन्हा थुंकला. माती आणि लाळ. मग त्याला बोलता आलं. "तोंड दाबलं यानं," तो म्हणाला. आमच्या बाजूनं ओरडा झाला. त्यांच्या बाजूची माणसं उभी राहिली, कोणाच्या तरी हातात काठी दिसली. दौलतबाबा मध्ये आले. मास्तर म्हणाले, मला काही दिसलं नाही. तेव्हा शालिकनंच हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाला, "त्याले इचारा ना. माती घेऊ द्या त्याले. तो सांगन ते खरं. खोटं नाही बोलत तो."

मी उजवी मूठ मिटून मांडीला लावली होती. डाव्या हातानं माती उचलली, जिभेवर ठेवली. चव तीच होती. मी म्हणालो, "मी कंबर धरली होती. तोंडाले हात नाही लावला."

शालिक माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या दातांवर अजून माती होती आणि तिच्यात थोडं लाल होतं. माझं.

दौलतबाबा म्हणाले, "त्याची मूठ उघडाले सांगा."

शालिक म्हणाला, "राहू द्या बाबा. माती घेतली त्यानं."

"रगत दिसून राहिलं त्याच्या हाताले."

"मातीवर बी मूठ तपासाची असन, तर मंग माती कायले?" शालिक म्हणाला. "नाव मीच घेतलं त्याचं."

दौलतबाबांनी मुलाकडे पाहिलं. इतकं वाईट बघणं मी नंतर आयुष्यात कुठे पाहिलं नाही. मग ते वळले आणि चालायला लागले. बायकांनी पोरं उचलली, पाण्याच्या घागरी उचलल्या. ज्याच्या हातात काठी होती त्यानं ती मैदानावर टाकून दिली. सगळी वस्ती त्या पांढऱ्या मातीवरून चालत गेली आणि आमच्या लोकांनी गुलाल उधळला.

घरी रोडगे आणि वांग्याची भाजी झाली. अंगणात गोवऱ्यांची आग, तिच्यात रोडगे भाजत होते, मंडळाची सगळी पोरं आणि शहरातले मोठे लोक पंगतीला. मोठ्या बाबांनी मला आपल्या शेजारी पाटावर बसवलं. त्या घरात असं पहिल्यांदाच होत होतं. मला उजव्या हातानं रोडगा फोडता येईना. मोठ्या बाबांनी माझा तळहात ओढून उलटा केला, दातांची गोल ओळ पाहिली आणि माझा रोडगा स्वतः फोडून त्यात तुपाची धार धरली. वाटी रिकामी होईपर्यंत. नंतर मोठ्या आईनं मला आत नेलं, कोमट लेप लावला. लावता लावता थांबली. "माणसाचे दात हायेत हे," ती म्हणाली. तिनं चिंधी बांधली, गाठ जरा जास्तच आवळली आणि म्हणाली, "कोणी इचारलं तर कुत्रं चावलं म्हण." त्यानंतर ती मरेपर्यंत माझ्याशी गरजेपुरतंच बोलली.

मैदानाला आधी तारेचं कुंपण झालं, मग भिंत, मग फाटक. मातीची रीत दुसऱ्याच दिवशी बंद झाली. आता मैदान आपलं, पंच आपले, असं मोठे बाबा म्हणाले. वस्तीतली पोरं सुरुवातीला सकाळी कुंपणावरून उडी मारून यायची. आम्ही पाळत ठेवून त्यांना धरायचो आणि मारायचो. मीही मारलं. एकाचे कपडे काढून घेऊन त्याला तसंच घरी पाठवलं. त्यात मी होतो. मग ती यायची बंद झाली. ती रेल्वेच्या कडेला काळ्या मातीत खेळायची असं ऐकलं. शालिक त्यांच्यात नव्हता. त्यानं त्या दिवसानंतर खेळ सोडला. त्या वर्षी निवड करणारे नागपूरहून आले, आमच्या मैदानावर सामने बघितले, आणि मला संघात घेतलं. खेळाडू म्हणून मला सरकारी खात्यात नोकरी लागली, बदली अमरावतीला झाली, लग्न, घर, मुलांची शिक्षणं, पेन्शन. या सगळ्याखाली तो तळहात आहे. दातांची खूण अजून दिसते. हिवाळ्यात ती पांढरी पडते. सुनेनं एकदा विचारलं तेव्हा मी कुत्र्याचंच सांगितलं.

मागच्या हिवाळ्यात नितीनचा फोन आला. नितीन मनोहरचा मुलगा, आता मंडळाचा सेक्रेटरी. मनोहर दम्यानंच गेला, चाळिशीही गाठली नाही. नितीन म्हणाला, "काका, मैदानाला आजोबांचं नाव देतोय. तुम्ही सगळ्यात जुने खेळाडू, तुम्ही आलेच पाहिजे." मी हो म्हणालो. माझा मुलगा नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात आहे, त्याला रजा नव्हती. मी एकटाच आदल्या दिवशी बसनं अकोल्याला गेलो आणि बस स्टँडवरून सरळ वस्तीत गेलो.

शालिकचं घर दोन मजली आहे. मुलगा मास्तर आहे. शालिक वरच्या गच्चीवर उन्हात खुर्ची टाकून बसला होता. आयुष्यभर जिनिंगमध्ये गठाणी उचलून त्याची पाठ वाकलेली, पण हात तेच लांब. त्यानं मला ओळखायला क्षणभरही घेतला नाही. "बस," म्हणाला. मी बसलो आणि सगळं सांगितलं. मी म्हणालो, "उद्या स्टेजवर सांगणार हाओ मी. तू ये."

"मी कायले येऊ?" तो म्हणाला. "तू खरं बोलशीन, लोक टाळ्या वाजवतीन. मी बी वाजवू का?"

मी तळहात चोळत राहिलो.

"तवा जिकला बी तूच. आता कबूल करून मोठा बी तूच होशीन. माह्या वाट्याले काय हाय याच्यात, सांग." मग शालिक म्हणाला, "तुले वाटते तुह्या खोट्यानं मैदान गेलं. आमच्याइथं कोणी तुह्यं नाव बी घेत नाही. शालिकनं मूठ उघडू दिली नाही, असं म्हणतात. माहा बाप असं म्हणतच मेला. शेवटची पाच-सहा वर्सं माह्यासंग बोलला नाही तो."

खालून त्याची नात वर आली. स्नेहल. ती कॉलेजच्या संघात कबड्डी खेळते. दोन्ही गुडघ्यांवर खपल्या होत्या. कॉलेजात मैदान नाही, फरशीवर सराव करतात. शालिक म्हणाला, "मैदान देता का परत?"

"माह्या हातात नाही ते."

"मंग सकाळचं तरी देता का? पयले होतं तसं. पोरीले पडाले माती तरी भेटन."

मी म्हणालो, मंडळाकडे मागून बघतो.

दुसऱ्या दिवशी मी स्टेजवर सांगितलं. मूठ, माती, दात, सगळं. मग मी म्हणालो की सकाळचं मैदान वस्तीला मिळालं पाहिजे. नितीननं माईक माझ्या हातातून हळूच घेतला. म्हणाला, एवढ्या मोठ्या मनानं आपली चूक सांगायला वाघाचं काळीज लागतं, हीच आमच्या मंडळाची परंपरा. काकांच्या इच्छेचा मान राखून उद्यापासून सकाळी मैदान सर्वांना खुलं. टाळ्या खूप वेळ वाजल्या. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "म्हातारा तवापासूनच डोकेबाज हाय राजा," आणि आजूबाजूचे हसले. माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. मी शाल नीट करून घेतली, फोटोसाठी.

त्याच संध्याकाळी मी शालिकला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पाह्यतो येऊन."

सकाळी मी नितीनच्या घरून चालत मैदानावर गेलो. फाटकाबाहेर शालिक आणि स्नेहल उभे होते. स्नेहलनं केस घट्ट बांधले होते आणि चड्डी-जर्सी घातली होती. फाटकाला कुलूप होतं. आत पोरांचा सराव चालला होता. पांढऱ्या मातीवर आता गादीसारखी निळी-पिवळी मॅट टाकलेली असते. वॉचमन कालच्या कार्यक्रमातला, त्यानं मला ओळखलं, कुलूप काढलं. मी म्हणालो, हेही आत येतील. त्यानं नितीनला फोन लावला, ऐकलं आणि म्हणाला, "साहेब म्हणतात फॉर्म भरा लागन. मीटिंगमधी ठेवतो म्हणतात. तुमी या काका, तुमाले कोण अडवते?"

स्नेहल म्हणाली, "आजोबा, चला घरी."

शालिक जागचा हलला नाही. मला म्हणाला, "जाय ना. आत जाऊन बोल त्याच्यासंग. उभे हाओत आमी."

मी आत गेलो. माझ्यामागे वॉचमननं कुलूप लावलं. नितीन पलीकडच्या टोकाला कोणाबरोबर तरी फोटो काढत होता. त्यानं लांबूनच पाच बोटं दाखवली आणि पायऱ्यांकडे खूण केली. मी पायऱ्यांवर सावलीत जाऊन बसलो. तिथून फाटक सरळ दिसत होतं. सळयांच्या पलीकडे ते दोघं उभे होते. शालिक फाटकाला हात न लावता उभा होता. पाच मिनिटं झाली, मग आणखी झाली. मी उठून नितीनकडे गेलो नाही. एका पोरानं ट्रेमधून चहा आणला. साहेबांनी पाठवला, म्हणाला. मी तो घेतला आणि प्यालो.